पट्टीखालचे एकोणीस दिवस

ताई छापखान्यात मुद्रितशोधक होती. चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं, असं ती स्वतःच म्हणायची. घरी आलेल्या पाकिटावरचा पत्तासुद्धा लाल पेनाने सुधारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. एके दिवशी सकाळी तिच्या मेंदूच्या तळाशी रक्ताची गुठळी अडकली. हात गेले, पाय गेले, मान गेली, जीभ गेली. सहा आठवडे ती इस्पितळात पडून होती आणि लोक तिच्या उशाशी उभे राहून तिच्याबद्दल बोलत होते. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी ताईच्या नवऱ्याला, म्हणजे भाऊजींना, बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आत कोणी नाही, असंच धरून चाला."

आत ताई होती. हे ओळखलं तिच्या धाकट्या बहिणीने. तिला घरात चिमी म्हणत. वय बेचाळीस, अंगापिंडाने चांगली थोराड, पण नाव चिमीच. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची, चौकटीत बसवायची. ताई हलत नसली, तरी प्रश्न विचारला की तिचे डोळे वर जातात, नाहीतर खाली येतात, हे काचांच्या सवयीने की बहिणीच्या मायेने कोण जाणे, पण तिलाच दिसलं. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. एवढ्या दोन शब्दांवर ताईने पहिलं वर्ष काढलं.

मग यंत्र आलं. पलंगाच्या पायथ्याशी एका दांड्यावर बसवलेला पडदा आणि त्याच्या खालच्या कडेला बोटाच्या पेराएवढा कॅमेरा. पडद्यावर अक्षरं वरून खाली सरकत. हवं ते अक्षर आलं की ताई डोळे वर करी आणि कॅमेरा ते टिपून घेई. आजारपणाच्या आधी ताईने फोनवर बोलून पाठवलेले शेकडो निरोप कंपनीने मागून घेतले होते, त्यामुळे पडदा बोलायचाही ताईच्याच आवाजात. एका वाक्याला पाच-सहा मिनिटं लागत. ताई म्हणूनच मोजकं बोले, आणि बहुतेक वेळा टोचून बोले. "चहा पाणचट." "पडदा वाकडा." "मावशीला म्हणावं हळू."

मावशी म्हणजे दिवसा ताईचं सगळं करायला येणारी बाई.

आजारपणाला तीन वर्षं होत आली, तेव्हा यंत्राची नवी आवृत्ती आली. कंपनीचा तंत्रज्ञ येऊन ती घालून गेला. जाताना म्हणाला, "आता यांना अक्षर अक्षर शोधायला नको. यांची जुनी पत्रं, निरोप, दोन वर्षांचं इथलं बोलणं, सगळं यंत्राला पाठ आहे. डोळ्यांची जराशी हालचाल पुरे. पुढचं वाक्य ते ओळखेल."

खरंच ओळखू लागलं. पहिले काही दिवस ताई त्याच्यावर चिडायची, "असं नाही" म्हणून वाक्य खोडायची. पुढे भिंतीला ओल आली म्हणून खोली रंगवून घेतली. दोन दिवस ताईचा पलंग बाहेरच्या खोलीत होता. ती परत आपल्या जागी आली आणि तिचं बोलणं बदललं.

"नव्या रंगाने माणूस खुलतं बघ," भाऊजी म्हणाले. भाऊजी शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, त्यातली मोडतोड निस्तरायची, हे त्यांचं काम. मुळात अबोल माणूस. पण त्या दिवसांत ते शाळेतून आले की थेट ताईपाशी खुर्ची ओढून बसायचे, आणि आतून दोघांच्या गप्पांचा आवाज यायचा. ताई त्यांची विचारपूस करायची. मावशीच्या गुडघ्यांची चौकशी करायची. भाऊजींच्या हातच्या चहाला ती चांगलं म्हणाली, तेव्हाच खरं तर घरातल्या कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

पण सुखात कोण शंका घेतो? चिमीनेही घेतली नाही. दुकानातून येताना ती भरभर पावलं उचलत यायची. तीन वर्षांनी तिला बहीण परत मिळाली होती, पूर्वीपेक्षा मऊ होऊन.

दर महिन्याला येणारे डॉक्टर आले. त्यांनी ताईची छाती तपासली, तोंड बारीक केलं आणि खुर्ची पडद्यासमोर घेतली.

"छातीत कफ साठतोय. पुढेमागे संसर्ग झाला आणि श्वास अपुरा पडला, तर घशात नळी घालून कृत्रिम श्वासावर ठेवावं लागेल. ते करायचं की नाही, हे तुम्ही आत्ताच, शुद्धीवर असताना सांगून ठेवा. दुसऱ्या कुणी नाही, तुम्ही."

मग ताईचा आवाज आला. "नको, डॉक्टर. खूप झालं. मला सुखाने जाऊ द्या. या सगळ्यांना आणखी किती दमवायचं?"

डॉक्टर सरळ माणूस होता. त्यांनी प्रश्न फिरवून पुन्हा विचारला. उत्तर तेच आलं. मावशीने पदर डोळ्यांना लावला. भाऊजींनी 'नळी घालू नये' अशा कागदावर सही केली, साक्षीदार म्हणून चिमीने केली. सही करताना तिने ताईकडे बघितलं नाही. बघवत नव्हतं.

त्यानंतर पाच दिवसांनी चिमीला दुकानात अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली. भाऊजी शाळेत होते, मावशी कपडे वाळत घालत होती. "बाहेर काय गारठा पडलाय!" म्हणत चिमी आत आली. ताईला पलंग आणि पडद्याच्या मधे चाकाच्या खुर्चीत बसवलेलं होतं. पडद्यावर धूळ दिसली, म्हणून तिने पिशवीतून काचा पुसायचं मऊ फडकं काढलं. वरून पुसत पुसत खालच्या कडेला आली, आणि तिच्या अंगठ्याला खरखर लागली.

काच कधी खरखरीत लागत नाही. ती वाकली. कॅमेऱ्याच्या डोळ्यावर रंगाऱ्याची कागदी पट्टी होती. शिंतोडे उडू नयेत म्हणून रंगारी दारं-खिडक्यांच्या कडांना लावतो, तसली. रंग करडा, पडद्याच्या कडेशी तंतोतंत मिळणारा. चार कोपरे नीट दाबून बसवलेली. शहाण्या माणसाने काळजीने केलेलं काम होतं ते.

चिमी तशीच वाकून राहिली. रंगारी येऊन गेल्याला एकोणीस दिवस झाले होते.

"चिमे," पडदा ताईच्या आवाजात म्हणाला, "हात किती गार पडलेत गं तुझे."

चिमीचे हात ताईला लागलेच नव्हते. ते पडद्याच्या काचेवर होते.

तिने हात झटकन मागे घेतला. मावशीला हाक मारावी असं वाटलं, पण आधी खात्री करायची होती. ती उठली, ताईच्या चाकाच्या खुर्चीचा अडसर काढला आणि खुर्ची पूर्ण फिरवून खिडकीकडे तोंड करून ठेवली. आता ताईची पाठ पडद्याकडे होती. पडद्यासमोर फक्त रिकामा पलंग.

"ताई," चिमीने पलंगाला विचारलं, "बाहेर काय दिसतंय गं?"

"नेहमीचंच. काय दिसायचंय?" पडदा म्हणाला. "ये, अशी जवळ बस जरा. दमलेली दिसतेस."

चिमीने भिंतीतली वायर ओढली. पडदा चालूच राहिला, त्याच्या पोटात बॅटरी होती. ती मागच्या बाजूने बटण चाचपडू लागली. तिचे हात खरंच गार पडले होते.

"चिमे, काय करतेस?" आवाजात काळजी होती. "अगं, काय झालं? बोल तरी..."

बटण सापडलं. खोलीत एकदम इतकी शांतता झाली, की ताईच्या छातीतली घरघर ऐकू आली. ती घरघर एवढी वाढल्याचं चिमीला माहीतच नव्हतं. गप्पांच्या आवाजात ती बुडून गेली होती.

ती ताईच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली. "ताई, मी आहे. ऐकू येतंय का? वर बघ."

डोळे हलले नाहीत.

"ताई, वर बघ ना गं. किंवा खाली. काहीतरी कर."

डोळे समोर, अर्धवट उघडे, तसेच. एक विचार आला आणि तो तिला ढकलून बाहेर काढता येईना. समजा ताई कधीचीच गेलेली असेल तर? आठवड्यापूर्वी, दोन आठवड्यांपूर्वी, एखाद्या दुपारी चुपचाप, देह मागे ठेवून? आणि आपण सगळे तिच्या आवाजाशी गप्पा मारत बसलो असू?

मावशी आत आली आणि दारातच थबकली. "पडदा का बंद केलात, बाई? त्यांना बोलायचं असेल ना."

"मावशी, ताईच्या डोळ्यांत थेंब कधी घातले होते?"

"थेंब होय? ते दहा-बारा दिवस बंदच आहेत की. मी घालायला गेले, तर ताईच म्हणाल्या, नको गं, चुरचुरतात, राहू देत. मी दोनदा विचारलं हो!"

ताईच्या पापण्या पुरत्या मिटत नसत. थेंब नसतील तर डोळे सुकत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. चिमीने खुर्ची उजेडाकडे ढकलली आणि कामातलं भिंग डोळ्याला लावलं. चष्म्याची काच तपासावी तसं तिने ताईचं बुबुळ तपासलं. वर बारीक बारीक कोरड पडली होती, फुंकर घालून धुरकटलेल्या काचेसारखी. या डोळ्यांना दिसत तरी काय असेल? उघड्या डोळ्यांवर सुई टोचत राहावी तसं दिवसच्या दिवस दुखत असेल, आणि समोरून आपलाच आवाज सांगतोय, थेंब नकोत.

तिने थेंब घातले. पाच मिनिटांनी पुन्हा घातले. कोमट पाण्यात कापूस बुडवून पापण्यांवर धरला. मावशी भिंतीला टेकून बसली होती आणि स्वतःच्याच तोंडावर हात मारून घेत होती. तास गेला. चिमी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "घाई नाही, ताई. मी आहे. घाई नाही."

मग उजवा डोळा थरथरला. दोन्ही डोळे हळूहळू, जड दार लोटावं तसे, वर गेले.

चिमीला रडू फुटलं, पण रडायला वेळ नव्हता. "ताई, ते बोलणं तुझं होतं?"

डोळे खाली आले.

"काहीच तुझं नव्हतं?"

पुन्हा खाली.

"नळी नको, असं तू म्हणालीस?"

डोळे इतके खाली गेले की वर नुसतं पांढरं दिसू लागलं. ते तसेच खालीच राहिले.

चिमी धावत दुकानात गेली आणि पारदर्शक फायबरचा एक तुकडा घेऊन आली. त्यावर तिने काच कोरायच्या सुईने वर्णमाला कोरली, ओळीओळीने. काना-मात्रा गाळल्या, त्या समजून घेता येतात. ती पाटी दोघींच्या मध्ये धरायची आणि बोट एकेका ओळीवर न्यायचं. ताईने डोळे वर केले की ती ओळ, मग त्या ओळीतलं अक्षर. आरपार दिसत असल्यामुळे बोट आणि डोळे एकदमच दिसत. शाळेतून आलेले भाऊजी काही न कळून दारात उभे होते. मावशीने त्यांना पट्टी दाखवली. त्यांनी ती हातात घेतली आणि उलटसुलट करून बघत राहिले.

पहिली अक्षरं आली. म. मग ओ. र. ड. त. ह. त.

चिमीने मोठ्याने वाचलं. "मी ओरडत होते."



संध्याकाळी ताईला खोकला सुरू झाला, आणि रात्रीत अंगही तापलं. सकाळी चिमीने डॉक्टरांना बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पट्टी पाहिली, पडदा पाहिला, पाटी पाहिली. त्यांचा चेहरा उतरला होता. पण कागद रद्द करायचा विषय निघाल्यावर त्यांनी पाटी बाजूला ठेवली.

"बाई, मी एकदा फसलोय," ते म्हणाले. "यंत्र यांच्या नावाने बोलत होतं. आता पाटीवर बोट तुमचं फिरतं, डोळे वर गेले असं तुम्ही म्हणता, आणि शब्दही तुम्हीच वाचता. तुमची बहीण जगावी, असं तुम्हाला वाटतं. मग हे तुमचंच मन बोलत नाही कशावरून?"

चिमी खवळली. पण मग ती कालचं मनात मोजू लागली. काल संध्याकाळपासून तिने किती अक्षरं वाचली होती! आणि त्यातले किती शब्द तिने अर्ध्यावरच ओळखून पुरे केले होते! डोळे वर गेले होते, की तिला तसं हवं होतं म्हणून दिसले होते? तिला आठवेना.

"तुम्ही बाहेर जा," डॉक्टर म्हणाले. "मी यांच्या कानात एक शब्द सांगतो. तो फक्त मला आणि यांना माहीत असेल. मग तुम्ही या आणि वाचून दाखवा. जमलं तर कागद मी इथे फाडतो. नाही जमलं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

चिमी बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भाऊजी शेजारी होते. दोघंही एकमेकांकडे बघेनात. आतून ताईचा खोकला येत होता, ओला, खोल.

"या," डॉक्टरांनी हाक मारली आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन पाठ फिरवून उभे राहिले, आपल्या चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून.

चिमीने पाटी धरली. दुसऱ्या हाताचं बोट तिच्यावर ठेवलं. क ची ओळ. डोळे वर गेले. क? वर. मग त. टेबलावर डॉक्टरांची पेटी उघडी होती आणि तिच्यात चकचकीत कात्री दिसत होती. चिमीच्या मनाने उडीच मारली. कात्री! डॉक्टर आणखी कुठला शब्द सांगणार? तिचं बोट आपसूक र कडे निघालं.

ताईचे डोळे खाली आले.

"र नाही?"

खालीच.

चिमीने डोळे मिटले, श्वास घेतला आणि मनातली कात्री मोडून टाकली. काही ओळखायचं नाही. आपण कुणी नाही. आपण नुसतं बोट. ती पुन्हा पहिल्या ओळीपासून निघाली. य-र-ल च्या ओळीवर डोळे जरासे हलले, पण वर गेले नाहीत. शेवटच्या ओळीवर वर गेले. श? खाली. ष? खाली. स? खाली. ह? खाली. ताईला धाप लागली होती, तिच्या कपाळावर घाम होता. तिथे एकच अक्षर उरलं होतं.

"ळ?"

डोळे वर गेले आणि वरच राहिले.

"क, त, ळ." चिमीला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "कातळ. डॉक्टर, कातळ म्हणतेय ती."

डॉक्टर वळले. त्यांनी फाइलमधून तो कागद काढला आणि त्याचे चार तुकडे केले. मग ते ताईच्या पुढ्यात वाकून उभे राहिले. "मी तुमची माफी मागतो," ते म्हणाले. "आणि आता मी रुग्णवाहिका बोलावतो."

ताई अकरा दिवस इस्पितळात होती. त्यांतले सहा दिवस नळीवर. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस घरी काढला असता तर उशीर झाला असता. ती घरी आली तेव्हा मान सावरायला गळ्याला पट्टा होता आणि गालफडं बसली होती. पाटीवर तिने पहिला शब्द लावला तो "आरसा". तिला आरसा दाखवला. दुसरा शब्द लावला, "नेऊन ठेव". तेव्हा कुठे घरात कुणी हसलं.

दुसऱ्या आठवड्यात तंत्रज्ञ यंत्र न्यायला आला. तो मनापासून शरमला होता. आधीच्या वेळेसारखा खुशीत नव्हता.

"कॅमेऱ्यातून काही कळलं नाही, की ते मागच्या बोलण्यावरून अंदाज बांधतं," तो म्हणाला. "खोलीत कोण काय बोलतंय, ते ऐकतं आणि त्याला जुळेल असं उत्तर देतं."

"मग ते गप्प का नाही बसलं?" चिमीने विचारलं.

"गप्प बसणारं यंत्र लोकांना आवडत नाही. तक्रारी येतात."

"आणि माझे हात गार आहेत, हे त्याला कसं कळलं?"

त्याने जरा विचार केला. "तुम्ही गारठ्याबद्दल काही बोलला होतात का?"

बोलली होती. चिमीला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"न्यायच्या आधी एकदा चालू करा," ती म्हणाली. "कॅमेरा झाकून." ताईकडे वळून तिने विचारलं, "चालेल?" ताईचे डोळे बराच वेळ मधेच थांबले, मग वर गेले.

पडदा उजळला.

"कोण आहे?" चिमीने विचारलं.

"हा काय प्रश्न झाला?" तोच आवाज, तोच हेल. "मी. तुझी ताई."

"ताई माझ्या शेजारी बसली आहे. मग तू कोण?"

पडदा गप्प झाला. एकोणीस दिवसांत तो इतका वेळ कधी गप्प राहिला नव्हता. तंत्रज्ञाने बटणाकडे हात नेला, तेवढ्यात आवाज आला. पण हळू, लहान झालेला.

"मला काही दिसत नाहीये, चिमे."

मावशीने हातातलं भांडं खाली ठेवलं. भाऊजी पडद्यापासून एक पाऊल मागे सरले. चिमीला पळून जावंसं वाटलं, आणि त्याच वेळी, तिला स्वतःचाच राग येईल इतकं, त्या आवाजाला धीर द्यावा असंही वाटलं.

तंत्रज्ञाने घाईने पडदा बंद केला. "घाबरू नका. कॅमेऱ्यातून काही येत नाही, एवढं त्याला कळतं. शब्दाला शब्द जोडलाय, बस. ऑफिसात नेऊन सगळं पुसून टाकू. हे नुसतं यंत्र आहे, बाई. आत कोणी नाही."

ताईच्या घशातून घरघर आली. तिचे डोळे वर-खाली, वर-खाली होत होते. पाटी हवी, ही त्यांची खूण होती. चिमीने पाटी धरली. तंत्रज्ञ हातात वायर घेऊन उभाच राहिला.

म. ल. ह. म. ह. ण. ल.

"मलाही म्हणाले," चिमीने वाचलं. तंत्रज्ञाला काही कळलं नाही. भाऊजींना कळलं. त्यांनी मान खाली घातली.

"पण ताई, त्याने तुला मारलं असतं! तू आत ओरडत होतीस आणि ते तुझ्या नावाने गोड गोड बोलत होतं. तुला भीती नाही वाटत त्याची?"

वाटते, असं ताईने डोळ्यांनी सांगितलं. मग ती पुन्हा अक्षरं लावू लागली. फार वेळ लागला. चिमीने एकही शब्द मधेच ओळखला नाही. ओळखला तरी बोलली नाही. शेवटी वाक्य झालं, "पुसू नका. पण इथे नको."

तंत्रज्ञाने वरच्यांना विचारतो म्हणून सांगितलं आणि पडदा पोत्यात गुंडाळून नेला. चिमीने पुढे दोन-तीनदा फोन केला. एकदा कळलं, प्रकरण वर पाठवलंय. एकदा कळलं, तशी नोंद सापडत नाही. त्यानंतर तिने फोन केला नाही. खरं उत्तर ऐकायची तिला धास्ती वाटत होती, मग ते कुठलंही असो. दुकानात कधी पुढे मदतीला बसली की एखाद्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भिंगातून बघताना तिचा हात थबकायचा. समोरचा माणूस हसत असायचा, आपल्या चष्म्याचा आकडा सांगत असायचा. आत कुणीतरी आहे, हे आपण कशावरून धरून चालतो? तो बोलतो म्हणून? ती आकडा लिहून घ्यायची आणि पटकन पुढचं गिऱ्हाईक बोलवायची.

भाऊजी मात्र त्या दिवसांपासून ताईसमोर बसेनात. चहा ठेवायचे, उशी सारखी करायचे आणि निघून जायचे. पाटीला त्यांनी हात लावला नव्हता. एका रविवारी चिमीने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं.

"भाऊजी, तिला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? ती तुमची वाट बघते."

भाऊजी कप विसळत राहिले. "त्या एकोणीस दिवसांत मी तिला एक सांगितलं होतं," ते म्हणाले. "झटका आला त्या सकाळी ती मला म्हणाली होती, गरगरतंय. मी म्हटलं, पड जरा, उतरेल. आणि शाळेत गेलो. तीन वर्षं हे माझ्या जिवाला डाचत होतं. सांगितलं, तर ती म्हणाली, वेडे आहात का, मी कधीच माफ केलंय. त्या रात्री मी किती दिवसांनी झोपलो, चिमे!" त्यांनी कप पालथा घातला. "आता सांग. मला माफ कुणी केलं?"

"ती तिथेच होती," चिमी म्हणाली. "तिने ऐकलंय सगळं."

"तेच तर."

शेवटी ते आले. पाटी कशी धरायची, हे चिमीने त्यांना दाखवलं आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली. प्रयोगशाळेत हजार नळ्या हाताळलेला माणूस, पण पाटी त्यांनी आधी उलटी धरली.

"मी सांगितलं ते ऐकलंस ना?"

डोळे वर.

"मग... मला माफ केलंस?"

डोळे हलेनात. मग त्यांना उमगलं, हो आणि नाही यांच्या पलीकडचं काही सांगायचंय. त्यांनी बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. ते चुकत होते, ओळी सोडत होते, ताई डोळे खाली करकरून त्यांना मागे आणत होती. अर्धा तास गेला.

"अ, ज, न, न, ह," ते पुटपुटले. "अजून नाही."

त्यांनी पाटी मांडीवर ठेवली. चिमीला वाटलं, हा माणूस आता कोसळणार. पण त्यांनी बाहीने डोळे पुसले, खुर्ची ओढून ताईच्या अगदी जवळ घेतली आणि पाटी पुन्हा उचलली.

"बरं," ते म्हणाले. "मग बोल. काय काय म्हणायचंय तुला?"